टीनएजर मुलांचं डिप्रेशन आणि टॉक थेरपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं वयात आलेलं मूल गप्प गप्प झालंय म्हणून काळजीत असलेल्या आई-बाबांसाठी हे पान आहे, आणि त्या मुलांसाठीही. त्यामुळे काही प्रश्न आई-बाबांच्या तोंडचे आहेत, काही मुलांच्या. क्रमाने वाचायची गरज नाही. पण पहिला प्रश्न तुमचा असेल, तर बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मुलगी परवा म्हणाली, "मी नसते तर बरं झालं असतं." हे मनावर घ्यायचं का?

घ्यायचं, आणि आजच. "लक्ष वेधून घ्यायला बोलते" असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. एखाद्या मुलीला अशा वाक्याने लक्ष वेधून घ्यावं लागत असेल, तर तिच्याकडे लक्ष द्यायलाच हवं. तिला शांतपणे आणि सरळ शब्दांत विचारा : "तुला मरून जावंसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचं मनात येतं का? कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती खूप जणांना असते, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. कुणीतरी विचारलं एवढ्यानेच बरीच मुलं मोकळी होतात.

उत्तर "हो" आलं आणि बेत ठरलेला दिसला, किंवा तिने स्वतःला इजा करून घेतली असेल, तर थेरपिस्टची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. तिला एकटं सोडू नका. जवळच्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा किंवा तुमच्या भागातल्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. घरातली औषधं, कीटकनाशकं, शस्त्रं कुलपात ठेवा किंवा घराबाहेर काढा. हे जरा अतीच वाटेल, तरी करा. जीव द्यायची उर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर खूप काही ठरतं.

हे डिप्रेशन आहे की फक्त वय?

वयाचा मूड संध्याकाळपर्यंत बदलतो. सकाळी दार आपटून गेलेला मुलगा रात्री मित्राचा फोन आला की खिदळत असतो. डिप्रेशनमध्ये मित्राचा फोन वाजत राहतो आणि तो उचलत नाही. डॉक्टर साधारण असं बघतात : उदास मन किंवा कशातच रस नसणं, यातलं किमान एक दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ आहे का? त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींतला संथपणा किंवा अस्वस्थता, स्वतःला कमी लेखणं, मरणाचे विचार अशी लक्षणं आहेत का? यादीत एकूण नऊ लक्षणं असतात आणि त्यातली किमान पाच लागतात. शिवाय या सगळ्यामुळे शाळा, घर, मैत्री यांत अडचण येते आहे का, हेही बघतात.

पुष्कळ घरांत चकवा बसतो तो चिडचिडीने. मोठ्या माणसाचं डिप्रेशन उदासीसारखं दिसतं, टीनएजरचं अनेकदा रागासारखं दिसतं. निदानाच्या निकषांतच मुलांसाठी "उदास किंवा चिडका मूड" असं म्हटलेलं आहे. त्यामुळे "हल्ली फार उलट बोलतो" ही तक्रार घेऊन आलेल्या घरात खरा प्रश्न डिप्रेशनचा निघू शकतो. सतत डोकं दुखणं, पोट दुखणं आणि तपासणीत काहीच न सापडणं, हीही एक ओळखीची वाट.

थायरॉइडचा त्रास, रक्त कमी असणं, काही औषधं, नशा यांनीही असंच दिसू शकतं. म्हणून आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे एक चक्कर मारलेली बरी.

इंटरनेटवरच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत माझे १६ मार्क आले. म्हणजे मला डिप्रेशन आहे?

ती बहुधा पीएचक्यू-९. ती ० ते २७ मध्ये मोजतात आणि १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी करावी असं मानतात. म्हणजे तुझा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण तो निदानही नाही. स्क्रीनशॉट काढून ठेव. डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द सुचले नाहीत तर तो पुढे करता येईल.

नुसतं बोलून काय होणार? बोलायला आम्ही आहोतच की.

आहात, आणि तुमची जागा थेरपिस्ट घेऊही शकत नाही. पण तुमच्याशी बोलताना मुलाला तुमचा चेहराही सांभाळावा लागतो. आई रडेल का, बाबा भडकतील का, उद्यापासून फोन काढून घेतील का, हा हिशेब डोक्यात चालू असतो. थेरपिस्टसमोर तो करावा लागत नाही.

दुसरं म्हणजे थेरपीत बोलणं हे साधन आहे. त्यातून काहीतरी करून पाहायचं असतं : एखादा विचार तपासायचा, एखादं काम थोडं थोडं पुन्हा सुरू करायचं, एखाद्या माणसाशी वेगळ्या तऱ्हेने बोलून बघायचं. पुढच्या आठवड्यात त्याचं काय झालं ते पाहायचं. उपदेश यात जवळजवळ नसतो. "पॉझिटिव्ह विचार कर" एवढं सांगून तासाचे पैसे घेणारा कुणी भेटला, तर दुसरं दार बघा.

सीबीटी म्हणजे काय ते जरा उदाहरण देऊन सांगाल का?

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात तिची मांडणी सुरू केली. ते स्वतः मनोविश्लेषणाच्या, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेलं शोधणाऱ्या फ्रॉइडच्या पद्धतीच्या, परंपरेत तयार झालेले. डिप्रेशन असलेल्या माणसाच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल वाईट विचार झटकन, आपोआप येऊन जातात आणि तो ते न तपासता खरे धरतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

उदाहरण काल्पनिक घेऊ. पंधरा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीला मेसेज टाकला : "शनिवारी भेटायचं?" रात्री नऊला दोन निळ्या टिका आल्या. अकरापर्यंत उत्तर नाही. तिने फोन उशीखाली टाकला, पहाटेपर्यंत जागी राहिली आणि सकाळी शाळेत गेली नाही.

सेशनमध्ये हे एका कागदावर रकाने पाडून मांडतात. काय घडलं : मेसेज वाचला, उत्तर नाही. मनात काय आलं : "तिला मी नकोशी झालेय. सगळ्यांनाच होते." हे किती खरं वाटलं : शंभरपैकी ९०. काय वाटलं : लाज, रडू. काय केलं : शाळा बुडवली. मग थेरपिस्ट विचारतात, याच्या बाजूने पुरावा काय? मुलगी लिहिते, उत्तर आलं नाही, आणि मागच्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला मला उशिरा बोलावलं. विरुद्ध बाजूने? बराच वेळ काही सुचत नाही. मग हळूच येतं : "सोमवारी तिने माझ्यासाठी बाकावर जागा धरली होती." शेवटच्या रकान्यात नवं वाक्य : "ती रागावली असेल, किंवा झोपली असेल, किंवा घरी काही चाललं असेल. मला माहीत नाही." आता पहिल्या वाक्यावरचा विश्वास शंभरपैकी ५०.

नव्वदचे पन्नास झाले म्हणजे आनंद झाला असं नाही. पण पन्नासावर झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला "काल बिझी होतीस का?" असं विचारता येतं. ते विचारणं हाच त्या आठवड्याचा गृहपाठ. आणि समजा मैत्रीण खरंच रागावलेली निघाली, तर पुढचं सेशन त्यावर. सीबीटी खऱ्या अडचणीला खोटं ठरवत नाही.

आमचा मुलगा अंथरुणातूनच उठत नाही. तो कसले रकाने भरणार?

बरोबर. अशा वेळी विचारांच्या आधी वागण्याला हात घालतात. याला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइन्सन यांनी १९७०च्या दशकात यातला मूळ मुद्दा मांडला : माणूस उदास झाला की करणं सोडतो, करणं सोडलं की बरं वाटायचे प्रसंगच उरत नाहीत, आणि मग तो आणखी उदास होतो. "मूड आला की जाईन" या वाक्यात मुलगा अडकलेला असतो. इथे क्रम उलटा करतात. आधी जायचं, मूड मागून येतो की नाही ते बघायचं.

पायरी मात्र हास्यास्पद वाटावी इतकी छोटी हवी. बास्केटबॉल सोडलेल्या मुलाला "उद्यापासून प्रॅक्टिसला जा" असं सांगणं म्हणजे उद्याचं अपयश आजच बुक करणं. त्याऐवजी ठरतं ते असं : मंगळवारी पाच वाजता बूट घालून कोर्टपर्यंत चालत जायचं, दहा मिनिटं कठड्यावर बसायचं, परत यायचं. खेळलं नाही तरी चालेल. निघताना मूड दहापैकी किती, परतल्यावर किती, एवढं फोनमध्ये लिहायचं. "दोनचा तीन झाला" ही या कामातली चांगली बातमी असते. आई-बाबांनी तिला चांगली बातमीच समजावं, "एवढंच?" म्हणू नये.

भांडणं, ब्रेकअप, घरातले ताण यातून सुरू झालेलं असेल तर?

तर आयपीटीबद्दल विचारा. इंटरपर्सनल थेरपी. जेराल्ड क्लेर्मन आणि मर्ना वाइसमन यांनी १९७०च्या दशकात ती मोठ्यांसाठी आखली, लॉरा मफसन यांनी ती टीनएजर मुलांसाठी बदलून घेतली. साधारण १२ सेशन्स असतात. डिप्रेशन कुठल्याही कारणाने आलं असलं तरी ते नात्यांच्या मध्ये घडतं, हा तिचा पाया. मग चारपैकी एखादा धागा धरतात : कुणाचा तरी मृत्यू, कुणाशी तरी न मिटणारा वाद, आयुष्यातला मोठा बदल (आई-बाबांचा घटस्फोट, नवं शहर, नवी शाळा), किंवा मुळात नाती जुळतच नाहीत ही अडचण. वादाचा धागा असेल तर बाबांशी शेवटचं भांडण शब्दाशब्दाने परत उभं करतात : तू काय म्हणालास, ते काय म्हणाले, तुला खरं काय म्हणायचं होतं, ते आधी म्हणाला असतास तर? आणि मग ते खुर्चीत बसून बोलून बघतात.

टॉक थेरपी हे शहरी, सुखवस्तू लोकांचं खूळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी युगांडातला अभ्यास सांगतो. उत्तर युगांडात युद्धामुळे विस्थापित झालेल्या मुलामुलींच्या छावण्यांत आयपीटी गटाने घेतली गेली आणि २००७ साली निष्कर्ष छापून आले. १४ ते १७ वयाच्या ३१४ जणांत तुलना होती. डिप्रेशनची लक्षणं मुलींमध्ये स्पष्टपणे कमी झाली. मुलांमध्ये तेवढा फरक सिद्ध झाला नाही. दुसऱ्या गटाला खेळ आणि कलेचे कार्यक्रम दिले होते, त्यांनी डिप्रेशन हललं नाही. "त्याला कुठल्यातरी क्लासला घाला, मन रमेल" हा सल्ला मिळाला की मला हे आठवतं.

आणखी कुठले प्रकार असतात?

कुटुंबाला सोबत बसवून करायची फॅमिली थेरपी. स्वतःला वारंवार इजा करून घेणाऱ्या मुलांसाठी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, जी मार्शा लिनहान यांनी मोठ्यांसाठी तयार केली आणि नंतर टीनएजर मुलांसाठी बेतली गेली. मनोविश्लेषणातून आलेली थोड्या मुदतीची थेरपी. गटातली सीबीटी.

यातली सगळ्यात चांगली कुठली?

नावावरून निवडायचा अट्टहास नको. इंग्लंडमध्ये झालेल्या इम्पॅक्ट नावाच्या अभ्यासात मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेल्या साडेचारशेहून जास्त मुलामुलींना तीन वेगवेगळे उपचार दिले : सीबीटी, थोड्या मुदतीची मनोविश्लेषणात्मक थेरपी आणि माहिती, आधार व रोजच्या सवयींवर भर असलेला एक साधा उपचार. तिन्ही गट सुधारले आणि कुठलाच उपचार बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला नाही.

टीनएजर मुलांत सीबीटी आणि आयपीटी यांच्यामागे पुरावा सगळ्यात जास्त आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी. तुमच्या आवाक्यात असलेला, मुलांबरोबर काम करायची सवय असलेला आणि मुलाला बरा वाटलेला माणूस दुसरीच पद्धत वापरत असेल, तर त्याच्याकडे जा.

खरंच उपयोग होतो का? आकडे सांगा.

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो अमेरिकेतल्या टॅड्स अभ्यासाचा. १२ ते १७ वयाची ४३९ मुलं, सगळ्यांना मध्यम ते तीव्र डिप्रेशन. निष्कर्ष २००४ मध्ये आले. १२ आठवड्यांनी चांगली सुधारणा दिसलेल्यांचं प्रमाण असं : सीबीटी आणि फ्लुओक्सेटिन हे डिप्रेशनचं औषध दोन्ही मिळालेल्यांत ७१ टक्के, फक्त औषध ६१ टक्के, फक्त सीबीटी ४३ टक्के, औषधासारखी दिसणारी खोटी गोळी ३५ टक्के.

म्हणजे तीन महिन्यांच्या टप्प्यावर एकटी सीबीटी खोट्या गोळीच्या फार पुढे नव्हती. थेरपीची बाजू घेणारे लोक हा आकडा गाळतात, ते मला पटत नाही. पण पुढचा आकडाही बघा. ३६ आठवड्यांनी एकत्र उपचार ८६ टक्के, फक्त औषध ८१ आणि फक्त सीबीटी ८१. थेरपी उशिरा पोचली, पण पोचली. आणि सीबीटी सोबत असलेल्या मुलांत आत्महत्येचे विचार आणि प्रसंग फक्त औषध घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळले.

यातून मी काढतो तो अर्थ असा : सौम्य डिप्रेशनमध्ये थेरपीने सुरुवात करायला हरकत नाही. तीव्र असेल, मूल खात नसेल, शाळा पूर्ण बंद असेल, मरणाचे विचार असतील, तर "आधी काही महिने फक्त काउन्सेलिंग करून बघू" हा वेळेचा जुगार आहे.

औषधांची भीती वाटते. त्याने आत्महत्येचे विचार वाढतात असं वाचलं.

वाचलंत ते खरं आहे, पण अर्धं. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने, एफडीएने, २००४ मध्ये मुलांना दिल्या जाणाऱ्या डिप्रेशनच्या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. इशाऱ्यामागच्या चाचण्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांत आणि खोटी गोळी घेणाऱ्या सुमारे २ टक्के मुलांत दिसलं. त्या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे आणि डोस बदलताना मुलावर बारीक लक्ष ठेवायचं, बेचैनी, झोप उडणं, अचानक आक्रमकपणा दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं नाही.

औषध सुरू झालं म्हणून थेरपी सोडू नका, हेही तितकंच. पहिल्या औषधाचा उपयोग न झालेल्या ३३४ टीनएजर मुलांवरचा टॉर्डिया अभ्यास २००८ मध्ये आला. नुसतं औषध बदललेल्यांत सुमारे ४१ टक्के सुधारले, औषध बदलून सीबीटी जोडलेल्यांत ५५ टक्के.

काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट, सायकिअ‍ॅट्रिस्ट : जायचं कोणाकडे?

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रात शिकलेले असतात, तपासणी आणि थेरपी करतात. काउन्सेलर ही पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात. म्हणून पाटीपेक्षा फोनवर विचारा : शिक्षण काय, कुठे नोंदणी आहे का, टीनएजर मुलांबरोबर किती वर्षं काम करता, डिप्रेशनसाठी कुठली पद्धत वापरता, उपयोग होतोय की नाही हे कसं मोजता. शेवटच्या प्रश्नावर जो चिडतो, त्याच्याकडे नाही गेलात तरी चालेल.

पहिल्या सेशनला काय होतं? ती तोंडच उघडणार नाही.

बहुतेक ठिकाणी थोडा वेळ सगळे एकत्र बसतात, मग मूल एकटं, कधी आई-बाबा एकटे. सेशन साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं, आठवड्यातून एकदा. झोप, शाळा, मित्र, घर, नशा, स्वतःला इजा, हे सगळं विचारतात.

न बोलणाऱ्या मुलांची मुलांच्या थेरपिस्टना सवय असते. खुर्चीत पाय वर घेऊन हुडी डोक्यावर ओढून बसलेला मुलगा "माहीत नाही" हे चाळीस मिनिटांत वीस वेळा म्हणतो, आणि निघताना दाराशी म्हणतो, "पुढच्या वेळी पण याच वेळेला का?" हे सेशन वाया गेलेलं नाही. काही जण चालता चालता बोलतात, काही चित्र काढता काढता, काही फोनवरची गाणी दाखवून. तीन-चार भेटी थांबा.

ती आत काय बोलते ते आम्हाला सांगतात का? फी तर आम्हीच भरतो.

सगळं सांगत नाहीत, आणि सांगूही नये. आतलं बोलणं संध्याकाळी घरी पोचतं हे एकदा कळलं की मूल हवामानावर बोलायला लागतं. कायदा जागोजागी वेगळा आहे, अल्पवयीन मुलांसाठी तर जास्तच, म्हणून पहिल्याच दिवशी तिघांसमोर हे स्पष्ट करून घ्या. गुप्तता मोडायचे प्रसंग साधारण ठरलेले असतात : मुलाच्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका, मुलावर अत्याचार होत असल्याची शंका. बाकी तुम्हाला ढोबळ माहिती मिळते : कशावर काम चाललंय, कितपत पुढे सरकलंय, घरी तुम्ही काय करावं.

आणि गाडीत बसल्या बसल्या "काय काय बोललीस?" विचारू नका. मोह होतो. गाणं लावा.

मुलगा यायलाच तयार नाही. फसवून नेलं तर?

नाही. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ" म्हणून नेलेला मुलगा पुढची दोन वर्षं कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. "तुझ्यात काहीतरी बिघडलंय" या सुरात न बोलता त्याला स्वतःला जे टोचतंय तिथून सुरुवात करा. त्याला डिप्रेशन मान्य नसेल, पण झोप लागत नाही हे मान्य असेल, तर झोपेसाठी चला. थेरपिस्ट बाई हव्यात की पुरुष, ऑनलाइन की प्रत्यक्ष, कुठल्या दिवशी, हे त्याला ठरवू द्या. तीन भेटींचा करार करा आणि त्यानंतर त्याने नाही म्हटलं तर ऐका. तरीही नाहीच म्हणाला तर तुम्ही जा. आई-बाबांनी एकट्याने घेतलेल्या सेशन्समधूनही घरातलं बरंच हलतं.

हे सगळं जिवाला धोका नसताना. धोका असेल तर संमतीची वाट बघायची नाही, पहिला प्रश्न पुन्हा वाचा.

घरी आम्ही काय बोलायचं आणि काय नाही?

"तुला काय कमी आहे?" हे वाक्य आजपासून बंद. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हेही. ऐकणाऱ्याला ते असं ऐकू येतं की दुःखाची परवानगी त्याला नाही. काय बोलायचं हे सुचत नसेल तर कमी बोला. शेजारी बसा. "तुला त्रास होतोय हे दिसतंय मला. आत्ता बोलायचं नसेल तर नको, मी आहे," एवढं पुरतं. उत्तर नाही आलं तरी ते पोचलेलं असतं.

झोपेची वेळ, जेवणाची वेळ, थोडं चालणं, हे धरून ठेवायला मदत करा. मार्कांच्या अपेक्षा काही काळ खाली आणा, पण घरातलं सगळं काम काढून घेऊ नका. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा उरलेली नाही अशा मुलाला आपण निकामी झालोय असंच वाटतं. आणि तुमच्यापैकी कुणाला स्वतःला डिप्रेशन असेल तर त्यावर उपचार घ्या. आईचं डिप्रेशन बरं झालं की मुलांची लक्षणंही कमी होतात, असं अभ्यासांत दिसलेलं आहे.

किती दिवस चालतं? उपयोग होतोय हे कसं कळणार?

सीबीटी किंवा आयपीटी साधारण १२ ते १६ सेशन्स, म्हणजे तीन-चार महिने. तीव्र त्रासात जास्त. चार ते सहा आठवड्यांनी थेरपिस्टबरोबर बसून हिशेब घ्या. लक्षणांची प्रश्नावली पहिल्या दिवशी भरलेली असेल तर तीच पुन्हा भरता येते. मूल हसायला लागायच्या आधी बारीक गोष्टी बदलतात : अंघोळीला कटकट कमी, खोलीचं दार अर्धं उघडं, कुणाला तरी स्वतःहून मेसेज. काहीच हललं नसेल तर पद्धत बदलणं, सेशन्स वाढवणं, औषधाचा विचार, निदान पुन्हा तपासणं, यातलं काहीतरी व्हायला हवं. महिनोन्‌महिने "चाललंय" हे उत्तर स्वीकारू नका.

मला माझी थेरपिस्ट आवडत नाही. सांगू का?

सांग, शक्यतो तिलाच. "तुम्ही प्रत्येक वेळी अभ्यासावर येता, मला ते नको वाटतं," असं. चांगली थेरपिस्ट याने दुखावत नाही, ती बदलते. तरी जमलं नाही तर बदलून माग. थेरपिस्ट आणि तुझ्यात विश्वास जुळणं याचा परिणामावर खरंच फरक पडतो. फक्त एक बघ : ती आवडत नाही, की तिने विचारलेला एखादा प्रश्न आवडला नाही?

ऑनलाइन सेशन, ॲप, चॅटबॉट चालेल का?

व्हिडिओवरची सेशन्स चालतात, फक्त दार लागणारी खोली आणि हेडफोन हवेत. सौम्य त्रासात संगणकावरची सीबीटीही उपयोगी पडते. न्यूझीलंडमध्ये स्पार्क्स नावाचा एक कॉम्प्युटर गेम तयार केला, त्यात सीबीटीची कौशल्यं खेळता खेळता शिकवतात. २०१२ मध्ये आलेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या मुलांत तो नेहमीच्या उपचारापेक्षा कमी पडला नाही.

चॅटबॉटशी रात्री दोन वाजता बोलून बरं वाटत असेल तर वाटू दे. पण तुझ्या जिवाला धोका आहे हे त्याला कळलं तरी तो तुझ्या खोलीचं दार ठोठावू शकत नाही.

शाळेला सांगायचं का?

मुलाला विचारून, एका विश्वासू शिक्षकाला, गरजेपुरतं. उशिरा येण्याची मुभा किंवा सबमिशनला मुदत मिळावी इतकंच सांगितलं तरी काम होतं. थेरपीत काय बोलणं चालतं, ते शाळेला कळायची गरज नाही.

बरं झाल्यावर परत येतं का?

येऊ शकतं, म्हणून शेवटची काही सेशन्स यासाठीच ठेवतात. टॅड्समधल्या १९६ मुलांना पाच वर्षं पाहिलं, तेव्हा जवळजवळ सगळी, ९६ टक्के, त्या आजारातून बाहेर आली होती. पण बाहेर आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पुन्हा एकदा डिप्रेशन आलं. म्हणून थेरपी संपवताना मुलाकडून एक पान लिहून घेतात : माझी पहिली लक्षणं कोणती (झोप, फोन न उचलणं, की आंघोळ टाळणं), तेव्हा मी काय करणार, कुणाला सांगणार, आणि कुठल्या दिवसापर्यंत थांबून परत अपॉइंटमेंट घेणार. त्या पानाची एक प्रत आई-बाबांकडे राहू द्यावी, मुलाची हरकत नसेल तर. औषध असेल तर बरं वाटल्यावरही ते काही महिने चालू ठेवतात आणि डॉक्टर सांगतील तसंच हळूहळू कमी करतात.

मी सोळा वर्षांची आहे. हे सगळं मला होतंय, पण घरी सांगायची हिंमत नाही. काय करू?

समोरासमोर सांगायलाच हवं असं नाही. लिही. मेसेज कर, किंवा चिठ्ठी आईच्या पर्समध्ये ठेव. मोठं पत्र नको, चार ओळी पुरतात. अशा काहीतरी :

"आई, गेले दोन महिने मला बरं वाटत नाहीये. झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, शाळेत जाऊन नुसती बसते. मी आळशीपणा करत नाहीये. मला डॉक्टरांकडे किंवा काउन्सेलरकडे जायचंय. आत्ता लगेच खूप प्रश्न विचारू नकोस, पण माझ्याबरोबर चल."

स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर तीही ओळ त्यात घाल, ती गाळू नकोस. आईने "असं काही नसतं" म्हणून उडवून लावलं, तर बाबा, मावशी, काका, मोठी बहीण, आवडत्या बाई, शाळेतले काउन्सेलर, नेहमीचे डॉक्टर, यातल्या दुसऱ्या माणसाला सांग. आणि दुसऱ्याने ऐकलं नाही तर तिसऱ्याला. घरातच कुणापासून त्रास असेल, तर सुरुवात घराबाहेरच्या माणसापासून कर. आज रात्रीच असह्य होत असेल, तर यादीतल्या कुणाचीही वाट न बघता हेल्पलाइनला किंवा आपत्कालीन नंबरला फोन लाव, आणि कुणी येईपर्यंत खोलीत एकटी राहू नकोस.